बियाण्याच्या गोळ्या

आमच्या आईच्या स्वयंपाकघरात मोहरी-हळदीच्या डब्यांमागे एक लहान स्टीलचा डबा असायचा, आणि त्यात आमच्या सगळ्या घराची दुखणी भरलेली होती. भावाची दाढ होती, वहिनीचं बाळंतपण होतं, माझा घसा होता, बापाची छाती होती. दुखणी म्हणजे त्या त्या दुखण्याच्या राहिलेल्या गोळ्या. औषधांची नावं आईला ठाऊक नव्हती आणि ठाऊक होण्याची सोयही नव्हती, कारण मेडिकलवाला मागाल तेवढ्याच गोळ्या पाकिटातून कात्रीने कापून द्यायचा. नाव त्याच्याकडच्या तुकड्यावर राहायचं आणि आमच्याकडे नुसता चकचकीत कागद यायचा. मग आई गोळ्यांना माणसांवरून ओळखायची.

राहिलेल्या म्हणणंसुद्धा तितकं खरं नाही. त्या मुद्दाम राखलेल्या असायच्या. डॉक्टरने कितीही गोळ्या दिल्या तरी शेवटच्या चार-सहा आई कुणाला खाऊ द्यायची नाही. ताप उतरला, ठणका थांबला की ती पाकीट हातातून काढूनच घ्यायची.

"गुन आला ना? मंग बास. ते बियानं हाय, त्याला हात न्हाय लावाचा."

हे खूळ कुठून आलं ते मला माहीत होतं. भिवंडीजवळचं आमचं राहनाळचं शेत आता गोदामाखाली आहे. जिथे भाताची आवणी व्हायची तिथे आता ट्रक मागे घेताना पोरं शिट्ट्या मारतात. पण आईच्या अंगातलं शेत काही गेलं नाही. कणगी कधी झाडून रिकामी करायची नाही, बियाण्याचं भात कितीही अडचण आली तरी शिजवायचं नाही, पिठाच्या डब्यात तळाशी मूठभर पीठ ठेवायचंच. सगळं संपवणारी बाई तिच्या लेखी उडाणटप्पू. भात गेलं, कणगी गेली, मग राखायला उरल्या गोळ्या. बरं, बियाणं म्हटलं की देवाणघेवाण आली. शेजारणीला अळूचा कांदा द्यावा तशी ती गोळी द्यायची. "ही माज्या पोराच्या दाढंची. लई गुनाची. तुज्या नवऱ्याच्या कानाला पन चालंल."

आम्ही हसायचो. मी तर नातेवाइकांत तिची नक्कल करून दाखवायचे.

आता प्रसंगाचं सांगते. आईला उन्हाळी लागली, म्हणजे लघवीला जळजळ सुरू झाली. बायकांना हे नवीन नाही. घरोघरी मातीच्या चुली. तिने सब्जा भिजवून प्यायला, कोकमाचं पाणी प्यायलं आणि डब्यातून वहिनीच्या बाळंतपणाच्या गोळ्या काढल्या. दोन गोळ्यांत आराम पडला. काही आठवड्यांनी जळजळ परत आली. या वेळी भावाची दाढ कामी आली. पुन्हा आराम, पुन्हा जळजळ, मग माझा घसा. तिने आम्हाला कुणाला सांगितलं नाही. असल्या जागेचं दुखणं पोरांना काय सांगायचं, आणि सांगायचं कशाला, घरात औषध आहे की!

एका दुपारी वडप्याला गोदामात माझी ड्युटी चालू असताना वहिनीचा फोन आला. आईला हुडहुडी भरली होती, कंबरेच्या एका बाजूला हात लावू देत नव्हती आणि वहिनीला माझ्या मेलेल्या मावशीच्या नावाने हाक मारत होती. मी पोचले तेव्हा भावाने तिला आमच्या कामतघरच्या एका दवाखान्यात आणून टाकलं होतं. खाटेवर ती एवढीशी दिसत होती. अंग चुलीवरच्या तव्यासारखं तापलेलं आणि ओठ पांढरे.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई नव्हती त्यांना. त्यांनी लघवी तपासायला घेतली, रक्त घेतलं, मग आम्हाला विचारलं, याआधी कुठल्या गोळ्या घेतल्या? आईला मधूनमधून शुद्ध येत होती. तिनेच उत्तर दिलं.

"सुनंच्या बालंतपनाच्या. मंग पोराच्या दाढंच्या."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून डब्याची सगळी कथा सांगितली. मला वाटलं त्या हसतील नाहीतर ओरडतील. दोन्ही नाही. "डबा घेऊन या," एवढंच म्हणाल्या. भावाने जाऊन तो आणला. त्यांनी एकेक तुकडा उजेडात धरून पाहिला. काहींवर नावाची दोन अक्षरं उरली होती, त्यावरून त्यांनी काहीतरी टिपलं. मग सांगितलं की संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला आहे, तो रक्तात उतरला तर अवघड होईल. इंजेक्शन सुरू करते, पण या जंतूंवर कुठलं औषध चालेल हे लघवीतले जंतू वाढवून पाहिल्याशिवाय नक्की कळणार नाही. तोवर वाट पाहायची.

"किती वाट?"

"ते वाढतील तोवर," त्या म्हणाल्या.

ताप उतरेना. सलाईनमधून इंजेक्शन जात होतं, आई कण्हत होती, ताप थोडा खाली यायचा आणि पुन्हा चढायचा. भाऊ बाहेर बाकावर बसून राहायचा. मला मात्र बसवत नाही. भीती वाटली की मला राग येतो, हा माझा जुना स्वभाव. तिसऱ्या दिवशी मी तणतणत खालच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये गेले. एवढी मशिनं, एवढे कॉम्प्युटर, आणि एक रिपोर्ट निघत नाही?

तिथे स्कार्फ बांधलेली एक मुलगी होती. तिने माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं.

"आंटी, मशीनचं काम नाही हे. जंतू आहेत ते. अपने टाइम से बढ़ते हैं. पी हळद हो गोरी, असं होत नाही."

हिंदी बोलत भिवंडीत वाढलेल्या पोरीच्या तोंडी ही म्हण ऐकून माझा राग अर्धा तिथेच गेला. तिने विचारलं, बघायचंय? मी हो म्हटलं. तिने हातमोजे बदलले, एका कपाटातून काचेसारखी स्वच्छ, झाकण लावलेली एक गोल थाळी काढली आणि उजेडाकडे धरली. "झाकण उघडायचं नाही हं. लांबूनच बघा. हे तुमच्या अम्मींचं."

मी पाहिलं आणि खरं सांगते, तोंडाचा आ तसाच राहिला.

थाळीत फिकट पिवळसर खळीसारखं काहीतरी होतं आणि त्यावर सगळीकडे दुधट साय धरली होती. ती साय म्हणजे जंतू. आदल्या दिवशी तिने फक्त पुसट बोळा फिरवला होता, रात्रीतून ते असे दाट उगवले होते. माझ्या आईच्या पोटात जे चाललं होतं ते मी डोळ्यांनी बघत होते. सायीवर टिकलीएवढ्या कागदाच्या पांढऱ्या चकत्या ठेवलेल्या होत्या, प्रत्येकीवर बारीक अक्षरं. प्रत्येक चकतीत एक एक औषध, ती म्हणाली. आणि त्यातल्या एका चकतीभोवती साय नव्हतीच. स्वच्छ, गोल, मोकळं अंगण. कंपासने काढावं इतकं गोल. कुणी रेघ ओढली नव्हती, कुणी पुसलं नव्हतं. कागदाच्या त्या टिकलीतून औषध जिथवर झिरपलं तिथवर एकाही जंतूची पाय ठेवायची हिंमत झाली नव्हती.

आयुष्यभर मी गोळ्या गिळल्या, पाण्याच्या घोटाबरोबर, टीव्ही बघत, कधी चहाबरोबर. गोळी पोटात जाऊन काय करते याचा विचार कधी शिवला नव्हता. ती हे करते! एवढ्याशा कागदात एवढी ताकद, आणि दिसत काहीच नाही, दिसतं ते फक्त जिथे मरण आलं त्याचं वर्तुळ. देवळात गेल्यावर वाटायला हवं आणि कधी कधी वाटत नाही, ते मला त्या औषधाच्या वासाच्या खोलीत वाटलं. हात जोडावेत असं वाटलं. लाजेने जोडले नाहीत.

मग मी बाकीच्या चकत्या पाहिल्या. एकीभोवती अगदी बारीक कड. आणि इतर दोन-तीन चकत्यांना साय थेट टेकलेली. नुसती टेकलेली नाही, कागदाखाली शिरलेली.

"या कुठल्या?"

तिने अक्षरं वाचून नावं सांगितली. त्यातलं एक नाव मी ओळखलं. दाढेचं पाकीट पुरं आलं होतं तेव्हा ते मी स्वतः वाचलं होतं. लई गुणाची गोळी. जंतू तिला उशाशी घेऊन झोपले होते.

"आधी हिचंही अंगण असेल ना?" मी विचारलं.

"असेल ना. थोड्या गोळ्या खाल्ल्या की कमजोर जंतू मरतात, पक्के राहतात. मग त्या पक्क्यांचीच पोरं होतात, आणि ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात." तिने थाळी परत ठेवली. "अशा पक्क्यांची भिवंडीत काही कमी नाही, आंटी."

रिपोर्ट वर गेला. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन बदललं. ज्या चकतीभोवती मी अंगण पाहिलं होतं तेच औषध आता आईच्या शिरेतून जात होतं. मी खाटेशेजारी बसून थेंबांकडे बघत राहिले. आत कुठेतरी ते वर्तुळ वाढत असेल असं मनात आणत राहिले. दुसऱ्या दिवशी आईच्या कपाळावर घाम आला, उशी भिजली, तिने डोळे उघडले आणि मला माझ्या नावाने हाक मारली.

"पोरी, जवल्याची चटनी हाय काय गो? तोंडाला चव न्हाय."

मी रडले. भाऊ बाहेर जाऊन रडला. वहिनी जवळा भाजायला घरी पळाली. दवाखान्यात सुक्या मासळीचा डबा उघडल्यावर नर्सने नाक धरलं आणि मग स्वतःच चिमूटभर मागून घेतली.

आई बरी झाली, आणि बरी झाल्याबरोबर आमचा खरा छळ सुरू झाला. इंजेक्शनं अजून बाकी होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, घरी जा, पण रोज येऊन टोचून घ्यायचं, मी थांबा म्हणेन तेव्हाच थांबायचं, आधी नाही आणि नंतरही नाही. आईने घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी पाय रोवले. ताप नाही, जळजळ नाही, भूक लागते. गुण आला. आता टोचून घ्यायचं कशाला? गरज सरो वैद्य मरो, ही म्हण जिने कुणी काढली ती आमच्या आईची नातलग असणार.

"बऱ्या मानसाला औषद म्हंजे रोगाला हाक," ती म्हणाली. "आनि ती शेवटची सुई ठेव म्हनावं बाईला. उद्या लागली त?"

"सुई ठेवायची? बियाण्याला?"

"हसतंस काय? ठेवली त काय बिगरलं?"

मी चिडले. एवढं पाहून आल्यावर हे ऐकायचं? मी तिला थाळीचं सांगितलं, सायीचं सांगितलं, अंगणाचं सांगितलं. तिचा विश्वास बसेना. माझ्या पोटातलं हिला थाळीत कसं दिसलं, असा तिचा सवाल. शेवटी माझा तोल गेला.

"आई, अर्धं शेत निंदायचं, तण डोळ्यांआड झालं की बांधावर जाऊन बसायचं. अशा बाईला तू काय म्हणायचीस?"

"आलशी," ती पटकन म्हणाली. सवयीनेच.

मग पदराच्या टोकाशी खेळत राहिली. उठली आणि चप्पल शोधू लागली. "चल. रिक्षा बोलव. तुजी बाई निघून जाईल," म्हणाली. जणू उशीर मीच केला होता.

त्यानंतर तिने एकही सुई चुकवली नाही. डॉक्टरीणबाईंनी थांबा म्हटलं त्या दिवशी हात पुढे करून बसली होती, आणि थांबायचं आहे हे कळल्यावर थोडी हिरमुसलीच.

डब्याचं काय करायचं ते मी दवाखान्यात विचारून आले होते. खाडीत टाकायचा नाही, मोरीत ओतायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा तर नाहीच. गोळ्या कागदातून काढायच्या, वापरलेल्या चहापत्तीत कालवायच्या, पिशवीचं तोंड बांधायचं आणि कचऱ्यात. आईने ते स्वतः केलं. ओट्याशी बसून एकेक गोळी काढत गेली आणि काढताना ओळख सांगत गेली. ही घशाची. ही वहिनीची, तेव्हा पोर उलटं होतं आणि आम्ही सगळे देवीला नवस बोलून बसलो होतो. ही दाढेची. गोळी चहापत्तीत पडली की ती बोटाने आत दाबायची. दोन गोळ्या राहिल्या, मोठ्या, पांढऱ्या, काठाला पिवळ्या पडलेल्या.

"ह्या तुज्या बापाच्या छातीच्या," ती म्हणाली. "ह्या त्यानं खाल्ल्याच न्हाईत. मी ठेवल्या."

बाप त्या खोकल्याने गेला नव्हता, कितीतरी वर्षांनी वेगळ्याच दुखण्याने गेला. हे मी तिला लगेच सांगितलं, दोनदा सांगितलं. तिने मान हलवली. गोळ्या चहापत्तीत टाकल्या आणि हात धुवायला उठली.

पुढे सर्दी-खोकल्याची साथ आली तेव्हा भाऊ सवयीने "काहीतरी स्ट्राँग लिहून द्या" म्हणत डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी याला अँटिबायोटिक लागत नाही म्हणून वाफ घ्यायला सांगून परत पाठवलं. भावाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आई मात्र त्याच्यावरच हसली. "वाफ घे, वाफ. फुकटची हाय."

मग आईच्या लघवीची तपासणी पुन्हा झाली. रिपोर्ट आणायला मी एकटी जाणार होते, पण आई हटून बसली. तिला ती थाळी बघायचीच होती. माझं बोलणं तिने खरं मानलं होतं, तरी बघायचीच होती. लॅबमध्ये तीच मुलगी होती. आईने तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मुलगी लाजली आणि आत जाऊन थाळी घेऊन आली.

"ये लो, आजी. तुमचं."

आईने डोळे बारीक करून पाहिलं. थाळीत काहीच नव्हतं. नुसती पिवळसर, ओली, गुळगुळीत खळ. साय नाही, ठिपका नाही.

"यान त काय उगवलाच न्हाय," आई म्हणाली.

"हां ना. तेच तर पाहिजे."

आई बघतच राहिली. साठ-पासष्ट पावसाळे जिने उगवण्याची वाट बघण्यात काढले, ती काहीही न उगवलेल्या त्या तुकड्याकडे डोळे भरून बघत होती. "कवरी साफ," ती स्वतःशीच पुटपुटली. "कवरी साफ केलीय गो." मी तिला कधी इतकं गप्प आणि इतकं खूश पाहिलं नव्हतं. मला त्या पहिल्या वेळी हात जोडायची लाज वाटली होती. आईने सरळ जोडले.

निघताना तिची नजर टेबलावर गेली. तिथे आणखी एक थाळी होती. तिच्यात साय दाट धरलेली होती आणि वर चकत्या मांडलेल्या होत्या. मी सांगितलेलं सगळं आईच्या लक्षात होतं. ती वाकली आणि एकेक चकती न्याहाळू लागली. अंगण शोधत होती. मीही शोधलं. एकाही चकतीभोवती नव्हतं. साय सगळीकडे सारखी, या काठापासून त्या काठापर्यंत.

"ह्याला कनचं औषद देतील?" आईने विचारलं.

मुलीने थाळीवर कागद ठेवला. "डॉक्टर बघतील, आजी."

"कोनाचं हाय?"

"नाव नाही सांगता येत."

"नाव नको. पोर हाय का म्हातारं, येवरंच सांग."

मुलीने रिपोर्ट माझ्या हातात दिला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

रिक्षात आई एका बाजूला अंग चोरून बसली. दोन्ही बाजूंनी कापडाच्या लूमचा खटखटाट चालू होता, त्यामुळे ती बोलली ते मला पहिल्यांदा ऐकू आलं नाही. मी कान जवळ नेला.

"ते जे कोन हाय," ती म्हणाली, "त्याचं औषद आपुनच खाल्लं काय गो?"